प्रति वाढ

मी आता जे सांगणार आहे त्यावर या खोलीतला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि कोणी ठेवलाच तर मला त्याच्या अकलेची काळजी वाटेल. एका जिभेला मी चौदा महिने फसवलं. रोज संध्याकाळी, समोर बसून, वाफाळता कप पुढे सरकवून, चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता. बरं, ती जीभ काही सोम्यागोम्याची नव्हे. माझ्या जिभेच्या शेजारी बसून एक्केचाळीस वर्षं जेवलेली, संगतीनं शहाणी झालेली जीभ. आणि माझी जीभ म्हणजे काय चीज होती ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अळणी लागेल. या आहारवाल्या मुलीनं मला पंधरा मिनिटं दिली आहेत. "काका, पाकिटाची मागची बाजू कशी वाचायची, तेवढंच तुमच्या अनुभवातून सांगा," म्हणाली. दवाखान्याच्या तळमजल्यावरची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर चिरून दाखवलेलं हृदय, आणि समोर तुम्ही सगळे, प्रत्येकाच्या मांडीवर घरून आणलेलं एकेक पाकीट. माझ्या हातात कोणी माईक देऊ नये हे तिला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

एकतीस वर्षं मी सुपाच्या कारखान्यात चव घेणारा होतो. पाकीट फोडा, पाण्यात टाका, उकळा, ते सूप. माझ्या कामाला मोठं इंग्रजी नाव होतं, पण कारखान्यात मला सगळे 'जीभ' म्हणत. "जीभ आली का?" "जीभ आज रजेवर आहे." कोमट पाण्यानं चूळ भरायची, चमचाभर सूप तोंडात घ्यायचं, गालांच्या आत फिरवायचं, थुंकायचं, आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा: 'चालेल' किंवा 'नाही'. हंडा ढवळणाऱ्या माणसाचं सकाळी घरी भांडण झालंय की नाही, हे मला सुपावरून कळायचं. एकदा एक चमचा घेतला आणि म्हणालो, "यात बटण आहे." सगळे हसले. हंडा रिकामा केला तेव्हा तळाशी शर्टाचं बटण, चार भोकांचं. ते पांढरं आहे की निळं हे मात्र मला सांगता आलं नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट या जिभेला कळली नाही, ती म्हणजे आपण दर वर्षी थोडे वर सरकतोय. वर्षातून एकदा रस्त्यावरची माणसं आत बोलावून त्यांच्यापुढे दोन कप ठेवायचे. माणसं हटकून जास्त खारट कप उचलायची आणि म्हणायची, हे जरा भरल्यासारखं लागतं. साहेब म्हणायचे, "लोकांना काय हवं ते लोकांना ठाऊक." मग चिमूटभर वाढायचं. दोन महिन्यांत तेच सपक वाटायला लागायचं, मलाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दोन कप. मी प्रत्येक चिमटीवर 'चालेल' लिहिलेलं आहे. त्या चिठ्ठ्या कुठल्यातरी कपाटात अजून असतील, माझ्या वळणदार अक्षरात.

आणखी एक पाप आहे, ते बारीक टायपातलं. पाकिटाच्या मागे आकडे छापणं सक्तीचं झालं तेव्हा छपाईच्या खोलीत गोंधळ उडाला. एका माणसाला एका वेळी जेवढं दिलं जातं त्याला आपल्या भाषेत काय म्हणायचं? साहेब दारातून जाता जाता मला म्हणाले, "ए जीभ, तुझ्याकडे जेवताना काय म्हणतात रे?" मी तोंडात चमचा तसाच ठेवून म्हणालो, "वाढ." "वाढ?" "एकदा वाढलं की एक वाढ, दोनदा वाढलं की दोन वाढी." साहेब खूश. छापलं गेलं: 'प्रति वाढ'. आणि एका पाकिटात वाढी किती? चार. त्या ठरवायला ज्या कोणाला वाढायला बसवलं असेल, तो पाहुण्यांना कावलेला असणार, कारण ती एकेक वाढ एवढीशी होती की चिमणीनंही ताट पुढे करून विचारलं असतं, अजून आहे का? पण मला त्या दिवशी अभिमान वाटला. आपला शब्द लाखो पाकिटांवर! मी पाकिटाची पुढची बाजू घरी आणून हिला दाखवली. मागची बाजू मी स्वतः त्यानंतर वीस वर्षं पाहिली नाही. ज्यानं शब्द दिला त्यानं तो पुन्हा कशाला वाचायचा?

मग एके सकाळी हिची चप्पल पायात जाईना. म्हटलं तर एवढीच गोष्ट. मी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच, आणि दाराशी तीच ती जुनी चप्पल. आदल्या संध्याकाळपर्यंत ती पायाला घरच्यासारखी ओळखत होती, आणि सकाळी अनोळखी झाली. पट्टा अंगठ्यापर्यंत येतो आणि थांबतो, दारात उभ्या माणसानं आडवा हात धरावा तसा. आधी वाटलं चपलांची अदलाबदल झाली. समोरच्या घरी जाऊन भांडण काढलं, "आमची चप्पल तुमच्याकडे आली आहे, मुकाट्यानं द्या." समोरच्या बाईंनी त्यांच्या सगळ्या चपला ओळीनं मांडून दाखवल्या. त्या ओळीपुढे अनवाणी उभं राहिल्यावर फरशीचा गारवा नेहमीसारखा तळव्याला लागेना, मध्ये काहीतरी जाड, ओलसर, परकं पसरल्यासारखं. आपण आपल्याच पायांवर उभे नाही, कोणाचे तरी उसने पाय लावून आलोय. मोजे काढले तेव्हा घोट्याच्या वर लाल कंगोरा उठलेला, आणि तो बराच वेळ गेला नाही. रात्री उशा तीन घ्याव्या लागत होत्या, आडवं झालं की छातीवर कोणीतरी हळूच येऊन बसे, हेही तेव्हा आठवलं. असं ती मला नंतर म्हणाली. मला कसं कळणार?

डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. गालावर शोभली असती अशी खळी नडगीवर पडली, आणि तिथेच राहिली. "रोज काय खाता?" "साधंच हो." "साधं म्हणजे?" "संध्याकाळी सूप." "घरचं?" "पाकिटातलं." बाईंनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या वेळी ते पाकीट घेऊन या. रिकामं आणलंत तरी चालेल." मग त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं आणि सांगितलं, हृदय दमलंय. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, आणि ते जादा पाणी ओढता ओढता हा पंप थकतो. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. दिवसाला सोडियम दोन हजार मिलिग्रॅमच्या आत आलं पाहिजे. "नाही आलं तर पुढच्या वेळी तुम्ही इथे चालत येणार नाही, तुम्हाला आणावं लागेल." त्यांचा आवाज अगदी साधा होता, रिक्षावाल्याला डावीकडे वळ सांगावं तसा. कानात मात्र तो घरी जाईपर्यंत, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर, पुन्हा पुन्हा वळत राहिला. हिच्या कानात, म्हणजे. चेहऱ्यावरून समजत होतं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही भिंग घेऊन बसलो. "सोडियम," ही वाचायला लागली, "प्रति वाढ सहाशे चाळीस." आणि भिंगातून वर पाहिलं, एक डोळा बशीएवढा. "म्हणजे सहाशे चाळीसनं वाढलंय?" "वाढलं नाही गं. वाढ. आपण वाढतो ती वाढ." "हा शब्द कोणा शहाण्यानं घातला?" मी चष्मा पुसायला घेतला. "बरं. पाकिटात वाढी चार. आणि आपण पाकीट किती दिवस पुरवतो?" "एक संध्याकाळ." "त्यात कोण किती पितं?" आता इथे हिशेब सोपा आहे, मांडीवरची पाकिटं उलटी करा आणि तुम्हीही करा. एका वाढीचा आकडा घ्या, आपण खरोखर जेवढ्या वाढी पोटात घालतो तितक्यांनी गुणा. आमच्याकडे एक कप एकाचा आणि उरलेलं सगळं दुसऱ्याचं, भांडं चमच्यानं खरवडून. तीन वाढी. एकोणीसशे वीस. अख्ख्या दिवसाचं सोडियम, जेवणाआधीच. "पण आपण सोडियम कुठे खातो? आपण तर मीठ खातो," असं कोणीतरी म्हणालं. सोडियम म्हणजे मिठाच्या पोटातला ऐवज. त्याला अडीचनं गुणलं की मीठ. अडीचनं गुणलं आणि सपाट चमचाभर मीठ टेबलावरच्या बशीत ओतून ठेवलं. पांढरी टेकडी. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत बसलो. जवळपास एवढंच. रोज. ओळखीच्या चवीत विरघळलेलं.

सूप बंद करायचं ठरलं, आणि घरात महाभारत सुरू झालं. बिनमिठाच्या पहिल्या जेवणाला ओल्या पुठ्ठ्याची चव होती. दुसऱ्या दिवशी चमचा भिंतीवर आपटला गेला. "एकतीस वर्षं ज्यावर 'चालेल' लिहिलं ते आता विष कसं झालं? मग मी एकतीस वर्षं काय केलं?" असं ही ओरडली. माझ्या वतीनं ओरडली हो, तिचा जीवच तसा आहे माझ्यावर. तिसऱ्या दिवशी मिठाच्या बरणीत बोट बुडवताना रंगेहाथ पकडलं, साखर चोरणाऱ्या पोरासारखं, बोट तोंडात, डोळे मिटलेले. त्या मिटलेल्या डोळ्यांच्या मागे काय असतं ते मी सांगू शकतो. सकाळचा कारखाना असतो, हंड्यांची वाफ असते, चमचा पुढे येतो आणि वीस माणसं श्वास रोखून तुमच्या ओठांकडे बघतात. जगात तुमची गरज आहे, असं त्या चवीत लिहिलेलं असतं. ती काढून घेतली तर उरतो एक म्हातारा माणूस आणि त्याच्यापुढे गरम पाणी. म्हातारं माणूस म्हणू हवं तर. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते आणू का, असं दवाखान्यात फोन करून विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यात पोटॅशियम असतं, तुमच्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं. मला विचारल्याशिवाय घरात आणू नका." तोही दरवाजा बंद.

त्या आठवड्यात मी दुकानात सुपाच्या फळीपुढे उभा होतो. काही घ्यायचं नव्हतं, नुसता उभा होतो, माणूस जुन्या ऑफिसवरून उगाच चक्कर मारतो तसा. एक तरुण आई दोन पाकिटं उलटी करून वाचत होती, शेजारी तिची सासू. "आई, हे घेऊ. यात वाढ सहाशे चाळीस आहे, त्यात चारशेच." "मग मोठंच घे," सासू म्हणाली, "पोराचं अंगच धरत नाही." आणि आमच्या कारखान्याचं पाकीट टोपलीत पडलं. प्रति वाढ! पोराच्या वाढीसाठी! एवढा सरळ अर्थ, आणि तो मला वीस वर्षांत दिसला नव्हता. "अहो, ती वाढ ती नव्हे," मी म्हणालो. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी घसा खाकरून डाळीच्या फळीकडे सरकलो. किती आयांनी किती टोपल्या? मी तोंडात चमचा ठेवून उच्चारलेला एक शब्द, आणि पोरं सुपाची भांडी चाटताहेत. घरी जाऊन कारखान्याला पत्र लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं की, शब्द माझा, चूक माझी, कृपया बदलावा. आणि मीठ कमी करायचं झालं तर एकदम करू नका, लोक पाकीट फेकून देतील. जीभ जशी चिमटी चिमटीनं वर चढवली तशीच खाली आणा. हे लिहिताना पेन थांबलं. उतरता येतं! जो जिना चढलो त्याला उतरायच्या वेगळ्या पायऱ्या थोड्याच असतात?

तिथून पुढचं कारस्थान. पाकिटातली पूड म्हणजे बारा चमचे. ती मी डब्यात ओतून ठेवायला लागलो, आणि पहिल्या महिन्यात त्यातला एक चमचा काढून त्याजागी आपली पूड घातली: वाळवलेला टोमॅटो, कांदा, लसूण, गाजर, मिरी, थोडं मक्याचं पीठ, मीठ शून्य. दुसऱ्या महिन्यात दोन चमचे. तिसऱ्यात तीन. वरून लिंबू, कारण आंबट असलं की जीभ मिठाची चौकशी कमी करते. आणि उघडपणे सांगायचं, डॉक्टरांनी एक कप सुपाला परवानगी दिली आहे. सकाळी ती फिरायला बाहेर पडली की मी डबा भरायचो. काय म्हणालात? पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारतंय, पाय सुजलेले आणि फिरायला कशी जायची? डॉक्टरांनीच सांगितलं होतं हो, गल्लीच्या टोकापर्यंत. तुम्ही नोकरीत तिकीट तपासनीस होता का? मध्ये बोलू नका, चमचे चुकतात.

पाचव्या महिन्यात मला भीती वाटली होती. कप ओठाला लागला, आणि थांबला. "आज काहीतरी..." आणि पुढे शब्दच नाही. जिभेनं आत काहीतरी शोधलं, दाढांच्या मागे, टाळ्याला, पूर्वी जिथे ठोसा बसायचा तिथे. तो बसला नाही, पण त्याच्या जागी दुसरंच काही उभं होतं. गाजर. गाजराला चव असते? गोडसर, मातीची, लहानपणी शेजारच्या परसातून उपटून न धुता खाल्लेलं ते गाजर, दातांखाली कचकन मोडणारी वाळू, मागून आलेली आईची हाक. साठ वर्षं ते गाजर मिठाखाली गाडलेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. "तिखट झालंय का?" समोरून प्रश्न आला. "नाही. छान झालंय." आणि संपूर्ण कप संपला. हे सगळं मला समोर बसून, नुसतं चेहऱ्याकडे बघून कळलं, म्हणजे बघा माझी नजर.

आठव्या महिन्यात चप्पल पायात गेली. सातवी पायरी, जिथे श्वास घ्यायला थांबावं लागायचं, ती कधी मागे पडली ते कळलंही नाही. वर पोचल्यावर ध्यानात आलं आणि मजा म्हणून परत खाली जाऊन पुन्हा चढून पाहिलं. उशा तीनवरून एकीवर आल्या. कारखान्याकडून दोन ओळी आल्या, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. मी म्हटलं, गेली कपाटात, माझ्या चिठ्ठ्यांना सोबत झाली. पण गेल्या महिन्यात दुकानात नवं पाकीट दिसलं. 'वाढ' गेली! 'एक कप' आणि त्याखाली 'पूर्ण पाकीट' असे दोन रकाने, आणि कपाचा आकडा सहाशे चाळीसवरून पाचशे साठ. सगळं काही माझ्या पत्रानं झालं असं मी म्हणत नाही, फक्त इतकंच म्हणतो की पत्र माझं होतं. या आहारवाल्या मुलीनं कारखान्यात फोन करून विचारलं तर तिथे आता चव घेणारी एक तरुण बाई आहे, ती म्हणाली, आम्ही दर काही महिन्यांनी चिमूटभर कमी करतो आहोत आणि अजून एकाचीही तक्रार नाही. म्हणजे शहरभर लोक जिना उतरताहेत आणि कोणाला पत्ता नाही. मला त्या बाईचा हेवा वाटला. 'चालेल' असं ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या चमच्यावर लिहिते आहे.

आणि बाराव्या महिन्यापासून डब्यात पाकिटातली पूड एक चिमूटही उरली नव्हती. बाराही चमचे आपले. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबला, उचलला, आणि नडगी गुळगुळीत, जशीच्या तशी. बाई म्हणाल्या, "काय केलंत तरी काय?" तेव्हा ही नुसती हसली. तिला वाटतं, गोळ्यांनी झालं. म्हणून मंडळी, पाकीट उलटं करा, पुढचं चित्र बघू नका, आणि एकदम सोडू नका, चिमटीनं सोडा. जिभेला फसवता येतं, अगदी शहाण्यातल्या शहाण्या जिभेला. माझ्यासमोर बसून माझ्याच बायकोनं चौदा महिने ते सूप प्यायलं, आणि तिला आजतागायत...

"अहो, खोटं किती बोलाल?" दारातून आवाज आला. औषधांच्या खिडकीवरून ही कधी परतली मला समजलं नाही. हातात गोळ्यांची पिशवी, त्यावर ठळक अक्षरांत माझं नाव. सगळ्या खुर्च्या एकदम मागे वळल्या, आहारवाल्या मुलीनं तोंडावर हात धरला. ही कोणाकडे बघत नव्हती, पुढच्या रांगेतल्या त्या तिकीट तपासनिसाशी बोलावं तसं शांतपणे म्हणाली, "पाय यांचे सुजले होते. फिरायला हे जायचे, आणि डबा मी भरायचे. आज सकाळी मीच सांगेपर्यंत एवढ्या मोठ्या जिभेला चौदा महिने कळलं नाही, तेवढं मात्र खरं आहे."